कॉम्प्युटर, टेक्स्टाइल की केमिस्ट्री? सोलापुरातल्या एका प्रवेशाचं प्रकरण

बारावीनंतर कोणती शाखा घ्यायची हा प्रश्न दर जूनमध्ये आमच्यासारख्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकांकडे येतो आणि बहुतेक वेळा 'कुठे नंबर लागतोय' एवढ्यावर मिटतो. या प्रकरणात तो तसा मिटला नाही, म्हणून ते सविस्तर मांडतो आहे. मुलीच्या आणि तिच्या आईवडिलांच्या संमतीनं लिहितो आहे. नाव, कॉलेज आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. प्रवेशाचे नियम मात्र त्या वर्षी होते तसेच दिले आहेत.

घर आणि मार्क

मुलगी २०२४ मध्ये बारावी सायन्स पास झाली. घर सोलापूरच्या पूर्व भागात. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका डाइंगमध्ये रंग तोलून देतात. चादरी आणि टॉवेलसाठी लागणारं सूत तिथे रंगतं. आई घरी टॉवेलच्या कडा शिवते. धाकटा भाऊ तेव्हा नववीत. घरात पदवीधर कोणी नाही. आईचा भाऊ तेवढा डिप्लोमा करून पुण्यात हिंजवडीला नोकरीला लागलेला, त्यामुळे शिक्षणाच्या बाबतीत घरात त्याचा शब्द शेवटचा.

बोर्डात मुलीला केमिस्ट्रीत उत्तम मार्क, फिजिक्स आणि गणितात बरे. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या एमएचटी-सीईटीला पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटात पर्सेंटाइल नव्वदच्या थोडं खाली. एवढ्यावर नावाजलेल्या सरकारी कॉलेजात कॉम्प्युटर मिळत नाही, पण पुण्याच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या एखाद्या खासगी कॉलेजात मिळून जातं. या मधल्या पट्ट्यातली मुलं सगळ्यात जास्त गोंधळतात. भरपूर मार्क असले की मार्कच ठरवून टाकतात. फार कमी असले तर ठरवायला फारसं उरत नाही.

माझ्याकडे आले ते तिघं: मुलगी, वडील आणि मामा. मामांनी बसता बसताच सांगितलं, "सर, हिला कॉम्प्युटरला टाकायचं ठरलंय. तुम्ही फक्त ऑप्शन फॉर्मला कॉलेजं सुचवा." मुलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला केमिस्ट्री करायचीय, सर. पुढे कॉलेजात शिकवायचंय."

या एका वाक्यात दोन वेगळे निर्णय होते आणि ते घरात कोणी सुटे केलेले नव्हते. केमिस्ट्री हा विषय झाला. कॉलेजात शिकवणं हा पेशा झाला. मामांचा विरोध पेशाला होता: एम.एस्सी. होऊन तासिका तत्त्वावर राबणारी मुलं त्यांनी पाहिली होती. पण तो राग ते विषयावर काढत होते. मुलगी विषयासाठी भांडत होती आणि त्यासाठी पेशाची ढाल पुढे करत होती, कारण 'मला आवडतं' एवढं कारण घरात चालत नाही. पुढच्या महिनाभरात जे काही झालं ते या दोन गोष्टी वेगळ्या करण्यासाठी झालं. विषय त्या जुलैत ठरवणं भाग होतं. पेशा ठरायला अजून पाच-सात वर्षं होती.

मामांचं म्हणणं

मामांना विरोधक ठरवून बाजूला सारणं सोपं होतं, पण त्यांचं म्हणणं वजनदार होतं. मुलगी बाविसाव्या वर्षी कमावती झाली तर धाकट्याचं शिक्षण निघेल. वडिलांच्या छातीला रंगाच्या वाफेचा त्रास सुरू झाला आहे, ते अजून किती वर्षं ओढतील सांगता येत नाही. आणि इंजिनिअरिंग झालेल्या मुलीला निदान पुण्यात उभं राहता येतं. या तिन्हींत चुकीचं काही नव्हतं.

कच्चा दुवा एकच होता. मुलीला कोडिंग जमेल का, आवडेल का, हे कोणीच पाहिलं नव्हतं. 'कॉम्प्युटर' या नावावर चार वर्षं आणि घरची सगळी शिल्लक लावायची तयारी होती, पण त्या चार वर्षांत रोज काय करायचं असतं हे तिघांपैकी कोणाला ठाऊक नव्हतं. केमिस्ट्रीच्या बाबतीतही हीच गत. मुलीनं पाहिलेली केमिस्ट्री म्हणजे बारावीचं पुस्तक आणि क्लासच्या नोट्स.

वडिलांचा नकार

केमिस्ट्री कधीपासून आवडायला लागली, असं विचारल्यावर मुलीनं वडिलांच्या वहीचं सांगितलं. पुढच्या वेळी ती वही घेऊन आली. शंभर पानी साधी वही, रंगाच्या बोटांनी कडा माखलेल्या. प्रत्येक पानावर रंगवलेल्या सुताचा एक तुकडा स्टेपल केलेला आणि शेजारी वडिलांच्या अक्षरात लॉटचं वजन, रंग किती टक्के, मीठ किती, सोडा किती. काही पानांवर एकाच शेडचे दोन तुकडे शेजारी शेजारी, एक गडद, एक फिका, आणि खाली लिहिलेलं: 'बोअरचं पाणी'.

ही मुलगी आठवीपासून ती वही चाळत होती. मीठ कशाला, हा तिचा पहिला प्रश्न. डाइंगमध्ये कोणी सांगू शकलं नाही. मीठ टाकल्याशिवाय रंग धरत नाही एवढंच सगळ्यांना माहीत. उत्तर तिला अकरावीत अर्धवट मिळालं, बाकीचं आम्ही त्या जूनमध्ये पाहिलं. पाण्यात कापसाच्या धाग्यावर ऋण भार येतो, रिअॅक्टिव्ह रंगाच्या रेणूवरही ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना लोटतात. मिठातले सोडियम आयन तो विरोध कमी करतात आणि रंग धाग्याकडे सरकतो. मग सोडा टाकून पाणी अल्कधर्मी केलं की रंग आणि कापसातलं सेल्युलोज यांच्यात पक्का रासायनिक बंध तयार होतो. त्याच वेळी थोडा रंग धाग्याऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करून बसतो. तो वाया गेलेला रंग नीट धुऊन काढला नाही तर गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्या धुण्यात सुटतो. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त, ते सोड्याशी आणि रंगाशी साका धरतात, म्हणून शेड मारली जाते.

हे ऐकताना वडील अवघडून बसले होते. शेवटी म्हणाले, "सर, आमचं आयुष्य रंगात हात घालण्यात गेलं. पोरीनं पण तेच करायचं का?" त्यांचा केमिस्ट्रीला नकार होता तो इथून आला होता. त्यांच्या डोळ्यांसमोर केमिस्ट्री म्हणजे डाइंग होतं आणि डाइंग म्हणजे वाफ, ओले पाय आणि आठवड्याचा पगार. त्यांना प्रयोगशाळा दाखवणं मला फॉर्म भरण्याइतकंच आवश्यक वाटलं. आमच्याच कॉलेजातली दाखवली. शनिवारी दुपारी येऊन त्यांनी ब्युरेट, फ्यूम हूड, वजनाचा काटा सगळं नीट पाहिलं. ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत वजन दाखवणाऱ्या काट्यापाशी ते बराच वेळ थांबले. तोलणं हेच त्यांचं काम.

तीन कामं

अभिरुची चाचण्यांचे छापील अहवाल मी पुष्कळ पाहिले आहेत. मुलाला कोणत्या दिशेनं विचारायचं एवढं त्यातून कळतं, पण त्यावर प्रवेश ठरवावा असं मला वाटत नाही. त्यापेक्षा त्या त्या शाखेतलं खरंखुरं काम थोडं करून पाहावं. म्हणून या मुलीला तीन कामं दिली, प्रत्येकी साधारण आठवडाभराची.

पहिलं काम कोडिंगचं. तिच्या मामांच्या जुन्या लॅपटॉपवर पायथन शिकून वडिलांच्या वहीतला हिशेब करणारा छोटा प्रोग्राम लिहायचा: लॉटचं वजन आणि शेडचा टक्का दिला की रंग, मीठ, सोडा किती ते सांगेल असा. तिनं तो लिहिला, आणि चांगला लिहिला. वडील आजही अधूनमधून वापरतात. पण चालू झाल्यावर तिनं त्याला पुन्हा हात लावला नाही. दुसऱ्या कोणी त्यात आणखी काही भर घातली असती, चुकीचा आकडा टाकला तर काय होतं ते पाहिलं असतं. हिच्यासाठी काम संपलं होतं. मामांना मी तेच सांगितलं: हिला कॉम्प्युटर येईल, ती नापास होणार नाही, पण ती या कामापाशी रेंगाळत नाही.

दुसरं काम वाचनाचं. बी.टेक. टेक्स्टाइल केमिस्ट्रीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि बी.एस्सी. केमिस्ट्रीचा अभ्यासक्रम, दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे आणि जे शिकावंसं वाटतं त्याखाली पेन्सिलनं रेघ ओढायची. बहुतेक विद्यापीठं आणि स्वायत्त कॉलेजं अभ्यासक्रम आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. प्रवेशाआधी तो उघडून पाहणारा विद्यार्थी मला क्वचित भेटतो, आणि हे फुकटात होणारं काम आहे.

तिसरं काम पाण्याचं. नळाचं उजनीचं पाणी, घराजवळच्या बोअरचं आणि डाइंगमधलं, अशा तीन बाटल्या. त्यांचा जडपणा ईडीटीए टायट्रेशननं, म्हणजे ईडीटीए हे रसायन ब्युरेटमधून थेंबाथेंबानं सोडून, मोजायचा. एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक घातल्यावर पाणी वाईनसारखं लाल दिसतं आणि शेवटच्या थेंबाला निळं होतं. तो शेवटचा थेंब पकडणं कंटाळवाणं काम आहे. मध्येच जांभळट रंग येतो आणि तिथेच थांबायचा मोह होतो. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येत होतं, त्यासाठी ती थांबली. बोअरच्या पाण्याची वाचनं जुळेनात तर ब्युरेट पुन्हा धुतलं, बफर नव्यानं बनवलं आणि जुळेपर्यंत केलं. मी सांगितलं नव्हतं. नंतर विचारत आली की उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात या आकड्यात किती फरक पडेल, आणि वहीतल्या फिक्या शेडच्या तारखा उन्हाळ्यातल्याच आहेत का ते पाहू का.

विषय निवडताना बघायचं ते हे. मार्क किती पडले यापेक्षा चुकलेलं काम पुन्हा करायची तयारी कुठे दिसते ते बघावं. संशोधनातले बहुतेक दिवस चुकलेलं पुन्हा करण्यातच जातात.

पैशाचा हिशेब

जुलै २०२४ मध्ये राज्य शासनानं निर्णय काढला: आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. मामा दुसऱ्याच दिवशी फोनवर: "सर, आता तर इंजिनिअरिंग फुकट झालं!"

निर्णय खरोखर मोठा आहे आणि अनेक घरांतल्या मुली त्यामुळे शिकतील. पण फी माफ म्हणजे खर्च माफ नव्हे. माफी शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून मिळालेल्या जागेला आहे. मॅनेजमेंट कोट्याला नाही. पुण्यातलं राहणं, मेस, प्रवास, लॅपटॉप हे सगळं घरच्यांनाच पाहावं लागतं. ओबीसी मुलामुलींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेतून राहण्याजेवणाला मदत मिळू शकते, पण तिथे जागा मर्यादित आणि निवड गुणांवर. अशी मदत मिळाली तर उपयोगी पडेल, पण मिळणारच असं धरून हिशेब मांडू नये.

कागदांची धावपळ तर वेगळीच. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारी जात पडताळणी. या घरानं पडताळणीचा अर्ज अकरावीतच केला होता, म्हणून निभावलं. बारावीचा निकाल लागल्यावर धावणाऱ्यांचे हाल दरवर्षी पाहतो.

वडिलांसमोर मी तीन रकाने मांडले: पुण्यात कॉम्प्युटर, इचलकरंजीत टेक्स्टाइल केमिस्ट्री, सोलापुरात बी.एस्सी. चार वर्षांचा घरातून जाणारा पैसा तिसऱ्या रकान्यात सगळ्यात कमी, कारण मुलगी घरी राहणार आणि अनुदानित कॉलेजची फी हलकी. पण पहिली कमाईही तिथेच सगळ्यात उशिरा. ही दुसरी ओळ लपवून बी.एस्सी. स्वस्त आहे म्हणणं अप्रामाणिकपणाचं ठरलं असतं.

इचलकरंजीचा पर्याय

घरात ज्याची चर्चाच झाली नव्हती तो पर्याय मला सगळ्यात जवळचा वाटत होता, आणि आजही वाटतो. इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत टेक्स्टाइल केमिस्ट्रीचं बी.टेक. करता येतं. मुलीच्या पर्सेंटाइलला जागा मिळण्यासारखी होती, फी माफी लागू होती, चार वर्षांनी हातात अभियांत्रिकी पदवी. विषयही तिच्याच वहीतला: रंग, धागा, पाणी. संशोधनात जायचं तर गेट या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत टेक्स्टाइलचा स्वतंत्र पेपर आहे, तो देऊन आयआयटी दिल्लीच्या टेक्स्टाइल विभागापर्यंत जाता येतं. नोकरी करायची तर प्रक्रिया उद्योग सोलापूरपासून सुरतेपर्यंत पसरलेला आहे. आणि सोलापूरला अशी माणसं हवी आहेत. इथल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण रंगखात्यात रसायन समजणारी शिकलेली माणसं थोडी.

मुलीनं अभ्यासक्रमात ओढलेल्या रेघा मात्र वेगळं सांगत होत्या. टेक्स्टाइलच्या पहिल्या दोन वर्षांत सूतकताई, विणाई, यंत्रं. तिथे एकही रेघ नव्हती. रंगाच्या रसायनाखाली रेघा होत्या. बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात भौतिक रसायनातल्या अभिक्रियांचा वेग, पृष्ठभागावरचं अधिशोषण, समन्वय संयुगं, यांखाली दाट रेघा. तिला धाग्यापेक्षा रेणूत जास्त रस होता. मी दोनदा तिच्या खनपटीला बसलो की टेक्स्टाइलमध्येही पुढे हेच येतं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिथवर जायला दोन वर्षं लागतात, सर. इथे पहिल्या दिवशी चालू होतं."

प्राध्यापकीचा रस्ता

त्या जूनमध्ये वातावरण चांगलं नव्हतं. १८ जूनला झालेली यूजीसी-नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा, दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. विज्ञान विषयांची सीएसआयआर-नेटही पुढे ढकलली गेली. मामांनी बातमीच मोबाइलवर दाखवली: "ज्या परीक्षेवर हिचं सगळं अवलंबून, तीच अशी."

तेव्हा पेशाची बाजू आम्ही कागदावर सरळ वर्षांत मांडली. बी.एस्सी. तीन, एम.एस्सी. दोन, पीएच.डी. साधारण पाच. अठराव्या वर्षी सुरुवात केली तर अठ्ठावीस. नव्या शैक्षणिक धोरणातली चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली तर पुढची एम.एस्सी. एका वर्षाची, म्हणजे बेरीज तीच. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.लाही जाता येतं, पण सहायक प्राध्यापक व्हायला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के आणि सोबत नेट, सेट (राज्याची पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी. लागतेच.

अठ्ठावीस ऐकून वडिलांचा चेहरा उतरला. त्यांना वाटत होतं की हे सगळं घरच्या पैशावर. तसं नाही. नेटमध्ये जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. म्हणजे कमाई तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी सुरू होऊ शकते. मात्र जेआरएफ मिळवणारे थोडे, आणि हातात पैसे उशिरा पडतात अशी विद्यार्थ्यांची तक्रार कायमची. दोन्ही गोष्टी मी सांगितल्या.

मुलीला मी दोन माणसांकडे पाठवलं. एक बाई तासिका तत्त्वावर शिकवतात, सेट झालेल्या, विषयावर हुकूमत असलेल्या. त्यांनी तिला पगाराचा कागदच दाखवला: शिकवलेल्या तासांचे पैसे, सुट्टीत काही नाही, दर जूनमध्ये पुन्हा मुलाखत. त्यांचं सांगणं होतं, केमिस्ट्री जरूर कर, पण फक्त प्राध्यापकीवर डोळा ठेवून करू नकोस. दुसरा मुलगा सोलापुरातूनच बी.एस्सी. होऊन पुण्यात पीएच.डी. करणारा. फोनवर त्यानं तिला सगळ्यात उपयोगी गोष्ट सांगितली: विषयाइतकाच मार्गदर्शक महत्त्वाचा, आणि इंग्रजीत शोधनिबंध वाचायची सवय पहिल्या वर्षापासून लाव.

कायम पदांची भरती वर्षानुवर्षं रेंगाळते आणि मुलं या तासिका तत्त्वाच्या फेऱ्यात चाळिशीला येतात, हे मला अतिशय अस्वस्थ करतं. तरीही त्यावरून केमिस्ट्री वाईट ठरत नाही. रसायन शिकलेल्याला प्राध्यापकीखेरीज जागा आहेत. सोलापूरजवळच्या तामलवाडी आणि चिंचोळी औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखाने आहेत, औषध कंपन्यांत क्यूसी (गुणवत्ता तपासणी) आणि आरअँडडी (संशोधन) आहे, पाणी आणि अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. क्यूसीत एचपीएलसी या तपासणी यंत्रावर बसायचं म्हणजे शिफ्ट असते, सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हेही तिला माहीत करून दिलं.

ठरलं ते असं

बी.एस्सी.चे प्रवेश आधी होतात, इंजिनिअरिंगचे कॅप राउंड नंतर. म्हणून मुलीनं सोलापुरात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आणि कॅपचा ऑप्शन फॉर्मही भरला, पण त्यात फक्त टेक्स्टाइल केमिस्ट्री आणि केमिकल इंजिनिअरिंगचे मोजके पर्याय. त्या वर्षी पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की जागा आपोआप गोठत होती, म्हणजे पुढच्या फेरीत बदलता येत नव्हती, म्हणून जिथे खरोखर जायचं नाही ते नाव वर लिहायचं नाही, एवढं पथ्य पाळलं. कॉम्प्युटर फॉर्मात नव्हतं. मामा त्यावर चार दिवस बोलले नाहीत.

जागा इचलकरंजीत मिळाली. दोन दिवस घरात चर्चा झाली आणि मुलीनं ती सोडली. कारणं तिनं मला स्पष्ट सांगितली. एक, विषय. दुसरं, वडिलांची तब्येत पाहता तिला घरापासून लांब जायचं नव्हतं. दुसरं कारण सांगताना ती संकोचली. मला त्यात संकोचण्यासारखं काही वाटत नाही. घर हेही शाखा निवडण्याचं कारण असू शकतं, फक्त ते विषयाच्या नावाखाली लपवू नये.

मामांची समजूत एका वेगळ्या गोष्टीनं पटली. बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधराला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि एमसीएची सीईटीही देता येते. म्हणजे कॉम्प्युटरचं दार तीन वर्षांनीही उघडं राहतं. पुढे तो अभ्यास झेपावा यासाठी पथ्य एकच: गणित सोडायचं नाही. म्हणून पहिल्या वर्षी तिनं केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित असे तीन विषय घेतले. दुसऱ्या वर्षी केमिस्ट्री मेजर आणि गणित मायनर. बऱ्याच मुली गणित टाळायला केमिस्ट्रीबरोबर जीवशास्त्राचे विषय घेतात आणि पुढे भौतिक रसायनात अडतात, आयआयटीतल्या एम.एस्सी.साठीच्या जॅम या प्रवेश परीक्षेच्या तयारीत तर फारच.

आम्ही एका पानावर टप्पे लिहिले आणि त्यावर मामांसकट सगळ्यांनी सह्या केल्या. पहिल्या वर्षाअखेर प्रॅक्टिकलला जायचा कंटाळा येत असेल तर विषयाचा फेरविचार. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत कारखाना किंवा प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम. तिसऱ्या वर्षी जॅम. पदवीनंतर घरची परिस्थिती बिघडली तर आधी नोकरी, मग एम.एस्सी. लांब पल्ल्याच्या गाडीत बसताना मधली स्टेशनं माहीत असावीत, तसा तो कागद.

दोन वर्षांनंतर

नव्या धोरणाप्रमाणे अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगचे क्रेडिट आहेत. पुष्कळ ठिकाणी ते सहीशिक्क्यावर उरकतात. या मुलीनं ते एका सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या प्रयोगशाळेत खरोखर केलं: डाइंगमधून येणाऱ्या पाण्याचा सामू, सीओडी (पाण्यातल्या प्रदूषणाचं एक माप) आणि रंग रोज मोजणं. धाग्यावर न बसलेला रंग शेवटी कुठे जातो ते तिला तिथे दिसलं, आणि आता तिला त्याच विषयात पुढे काहीतरी करायचं आहे. प्राध्यापक व्हायचं का, असं हल्ली विचारलं तर ती "बघू" म्हणते. मला ते उत्तर ठीक वाटतं.

सगळं सुरळीत आहे असं नाही. पहिल्या सत्रात इंग्रजी पुस्तकं झेपेनात म्हणून तिचे मार्क घसरले होते. कॉलेजात काही उपकरणं बंद, काही तास रिकामे जातात, कारण शिकवणारी माणसंच अपुरी. इचलकरंजीला हा त्रास कदाचित कमी झाला असता. तिथे तिची एक मैत्रीण आहे आणि ती तिसऱ्या वर्षातच इंटर्नशिपला जाते आहे. ते ऐकलं की आईला वाटतं आपलं चुकलं की काय.

समोरचा निर्णय चौथ्या वर्षाचा आहे. सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर ऑनर्स विथ रिसर्च, म्हणजे संशोधनासह चौथं वर्ष, करता येतं, पण ते आपल्या कॉलेजात करण्याआधी चौकशी हवी: विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक किती, विद्यार्थ्याला रोज प्रयोगशाळा किती तास उघडी, आणि आधीच्या मुलांनी कशावर काम केलं. विद्यापीठाच्या केगावच्या आवारातल्या रसायनशास्त्र विभागातही तिनं जाऊन विचारलं आहे. दुसरा मार्ग जॅमचा. परीक्षा फेब्रुवारीत असते, फॉर्म आदल्या पावसाळ्याच्या अखेरीस निघतात. त्यात रँक आली तर तिसऱ्या वर्षानंतरच आयआयटीत दोन वर्षांची एम.एस्सी. माझं मत जॅमकडे झुकतं. उपकरणं, वाचनालय आणि बरोबरीची मुलं यांचा फरक दोन वर्षांत फार पडतो. तिचं मत अजून चौथ्या वर्षाकडे आहे, कारण सांडपाण्याचं काम अर्धवट सोडायचं नाही.

सध्या ती दोन्हीची तयारी करते आहे. देशातल्या विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपचा अर्जही या हिवाळ्यात भरणार आहे. तो मिळाला तर दोन महिने दुसऱ्या प्रयोगशाळेत काढता येतील आणि सोलापूरबाहेर राहणं जमतं का, हे तिला आणि घरच्यांना निर्णयाआधी कळेल. प्रवासाचं पाहायची जबाबदारी मामांनी घेतली आहे.